कागदावरची बारा वर्षं

श्रीशैल दुकानाच्या पायरीवर बूट काढत होता, तेवढ्यात आतलं गिऱ्हाईक म्हणालं, "माणिकप्पा, ह्योच का तुमचा पाच गोलवाला?"

माणिकप्पांनी तांब्याची घागर काट्यावर तशीच ठेवली. उदगीरच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि मुलाची चौकशी झाली की वजन करायचं काम ते हमखास थांबवत. "ह्योच. पुण्याला असतो. आत्ताच उतरला गाडीतून."

"बारा वर्षाचा होता न्हाई का तवा? मग टीव्हीवर कधी दिसणार बाबा? वाट बघून आमचे डोळे गेले."

"दिसंल की," माणिकप्पा म्हणाले. "घागर सव्वादोन किलो भरली बघा."

श्रीशैल नुसता हसला. हे हसू त्याला आता सवयीचं झालं होतं. त्यात नाही म्हणणं नव्हतं आणि हो म्हणणंही नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी, २०१८च्या डिसेंबरात, नांदेडच्या स्टेडियमवर तेरा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल स्पर्धा झाली होती. अंतिम सामन्यात लातूर विभागानं पुणे विभागाला सहा-एक असं हरवलं. सहापैकी पाच गोल श्रीशैलचे होते. चौथा गोल कुणीतरी मोबाइलवर टिपला. अर्ध्या मैदानापाशी मिळालेला चेंडू घेऊन एक मुलगा निघतो, पाच जणांना मागं टाकतो आणि गोलरक्षकाला जमिनीवर बसवून चेंडू आत ढकलतो. सतरा सेकंदांची ती चित्रफीत आठवड्यात लाखो लोकांनी पाहिली. वर्तमानपत्रात मथळा आला, 'उदगीरचं वादळ, वय वर्षे बारा'. चौकात फ्लेक्स लागला. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली आणि तिच्यात श्रीशैलला मिळालेल्या अठरा शाली नंतर कपाटात मावेनात. पुण्याजवळच्या एका निवासी अकादमीनं त्याला नेलं. त्या वर्षी सगळ्या मराठवाड्यातून त्यांनी एकच मुलगा घेतला होता.

अकादमीतल्या पहिल्या वर्षी त्यानं बावीस गोल केले. दुसऱ्या वर्षी नऊ. पुढं बरोबरीची मुलं उंच झाली, रुंद झाली, त्यांचे आवाज फुटले. श्रीशैल पाच फूट सहा इंचांवर थांबला होता तो थांबलाच. पंधराव्या वर्षी तो राखीव बाकावर बसू लागला. त्यानं जादा सराव केला, अंडी खाल्ली नाहीत पण पनीर दुप्पट खाल्लं, पळण्याची शैली बदलून पाहिली. प्रशिक्षक तळपदे सर म्हणायचे, "पाय ठीक आहेत तुझे. डोक्यात काहीतरी अडलंय."

डोक्यात एकच गोष्ट होती. त्या दिवशी नांदेडला, चेंडू पायाशी आला की समोरची मुलं पाण्यातून चालल्यासारखी हळू व्हायची. पुढं काय करायचं ते ठरवायला त्याच्याकडं वेळ असायचा, भरपूर वेळ, जणू बाकीच्यांच्या घड्याळातला थोडा थोडा काढून कुणी त्याला दिला होता. तो वेळ परत मिळावा एवढंच त्याला हवं होतं. रोज सकाळी बूट बांधण्याआधी तो फोनवर ते सतरा सेकंद पाहायचा आणि आज तसं होईल असं त्याला रोज वाटायचं.

आता शेवटची संधी होती. युवा लीगसाठी पंचवीस जणांची यादी जायची होती. "पंचविसावं नाव तुझं टाकलंय," तळपदे सर म्हणाले होते. "लीगमध्ये चार क्लबांचे लोक बघायला येतात. यातून काही झालं तर झालं, नाहीतर जूनमध्ये अकादमी संपली. पण शाळेची टीसी चालणार नाही. जन्मदाखलाच लागेल, मूळ प्रत. वीस तारखेच्या आत." पात्रतेची अट एक जानेवारी २००६ किंवा त्यानंतरच्या जन्माची होती. श्रीशैलची जन्मतारीख १ जून २००६. पाच महिन्यांनी तो आत बसत होता.

गिऱ्हाईक गेल्यावर माणिकप्पांनी गल्ल्याखालून प्लास्टिकची फाइल काढली. "हे घे. तू यायच्या आत काम करून ठेवलंय. फोटो काढून तुझ्या सरांना पाठवला बी."

पालिकेत श्रीशैलच्या जन्माची नोंद सापडली नव्हती. कारकुनानं नियमानुसार 'नोंद आढळत नाही' असा कागद दिला. त्यावर माणिकप्पांनी शाळेच्या टीसीच्या आधारे प्रतिज्ञापत्र केलं, वरून आदेश आला आणि नवी नोंद झाली. दाखल्यावर छापलं होतं, जन्मतारीख ०१/०६/२००६.

"झालं ना काम?" माणिकप्पा म्हणाले. "जा आता घरी. अव्वा जेवायची थांबलीय."

येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा सण, होऊन आठवडा झाला होता, तरी मल्लम्मानं मुलासाठी पुन्हा पालेभाज्या-शेंगांची भज्जी केली होती आणि बाजरीचे उंडे. ताट वाढून ती समोर बसली. दाखला हातात घेऊन तिनं तो लांब धरला.

"दोन हजार सहा?" ती म्हणाली. "सहाला तर तू अंगणभर पळत होतास की."

श्रीशैलचा घास हातातच राहिला. "काय म्हणलीस अव्वा?"

"अरे, तू धोंड्याच्या म्हयन्यातला. अधिक श्रावण होता. तुझ्या अप्पांना माझ्या आईनं धोंड्याचं जेवायला भालकीला बोलावलं होतं. नवं धोतर, चांदीची वाटी, समदं काढून ठेवलेलं. जावई पाटावर बसले न् माझ्या पोटात कळ आली. पुरणाचं ताट तसंच ऱ्हायलं, अप्पा रिक्षा बघाय पळाले." ती हसू लागली. "परवा एकोणीस वर्षांनी पुन्हा अधिक श्रावण आला तवा मी शेजारणीला म्हणलं बी, माझा शैलू एकोणीसचा झाला."

अधिक श्रावण आला होता २०२३ साली. त्यातून एकोणीस वजा करायला श्रीशैलला बोटं लागली नाहीत. पण तो ताटाकडं बघत बसला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तसं ते सीमेपलीकडं, कर्नाटकात, भालकीला झालं होतं. म्हणून उदगीरला नोंद नव्हती. हे सरळ होतं. सरळ नव्हतं ते पुढचं. लहानपणी तो आजोळी होता. तिथं शाळेत जायचा, पाटी होती, ओंदु, एरडु, मूरु असं मोठ्यानं म्हणायचा. हे सगळं त्याला कायम आठवत होतं.

तो तसाच दुकानात परत गेला.

"अप्पा, मी भालकीला किती वर्षं शाळेत होतो?"

माणिकप्पा परातींची चळत लावत होते. "शाळा कुठली ती. जायचास आपला."

"दोन वर्षं होतो. पहिली न् दुसरी."

"बरं, होतास. मग?"

"मग इथं पुन्हा पहिलीत कसा?"

माणिकप्पांनी परात खाली ठेवली. "तुला कानडी येत होतं, मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. म्हणलं दुसरी-तिसरीत घाला. गुरुजी म्हणाले, याला 'क' काढता येत न्हाई, पहिलीत बसवा. बसवलं. वयाच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या हातानं लिहिलं. पहिलीतल्या चाळीस पोरांचा एकच वाढदिवस, एक जून. पहिलीतलं पोरगं म्हणजे सहा वर्षाचं, असा त्यांचा हिशेब."

"तुम्ही वाचलं न्हाई ते?"

"वाचलं. म्हणलं, गुरुजींनी लिहिलंय." त्यांनी परात पुन्हा उचलली. "हे बघ शैलू, मी कुणाला फसवाया गेलो न्हाई. तवा काय म्हाईत होतं, तू चेंडूला लाथा मारून मोठा होणारेस? आता आठवण काढून काय करायचं? गोल तू मारलेस का न्हाई? का ते बी गुरुजींनी लिहिले?"

"मारले," श्रीशैल म्हणाला. "बारा वर्षाच्या पोरांवर मारले."

बाहेरून कुणीतरी नमस्कार घालत "शरणार्थ अप्पा" म्हणालं आणि माणिकप्पांनी सुटल्यासारखं तिकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं श्रीशैल भालकीला गेला. नोंदणीच्या खिडकीतल्या बाईनं अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलत आईबापाची नावं विचारली, संगणकात पाहिलं, मग जुनी वही मागवली. तासाभरात दाखला हातात आला. त्यावरची कानडी अक्षरं तो सहज वाचत गेला. आईचं नाव, बापाचं नाव, मग ऑगस्ट, ओंबत्तु. नऊ ऑगस्ट २००४. ही लिपी त्याला कुठं शिकवली असा प्रश्न गेल्या बारा-तेरा वर्षांत त्यानं स्वतःला एकदाही विचारला नव्हता.

परतीच्या गाडीला दीड तास होता. फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं ती चित्रफीत लावली. त्यानं ती हजारो वेळा पाहिली होती, पण दर वेळी स्वतःलाच पाहिलं होतं. आज त्यानं बाकीच्यांकडं पाहिलं. पुणे विभागाच्या बचावपटूचं डोकं त्याच्या खांद्याला लागत होतं. गोलरक्षकाचे हातमोजे कोपरापर्यंत आलेले, मोठ्या भावाचे असावेत. ती मुलं पाण्यातून चालत नव्हती. ती बारा वर्षांची होती, एवढंच. आणि तो चौदाचा.

मग त्याला चित्राच्या डाव्या कडेला आणखी एक मुलगा दिसला. लहानखुरा, मोजे घोट्यावर आलेले. दोन जणांच्या मधून तो डाव्या पायानं चेंडू सोडतो आणि तिसऱ्या सेकंदाला चित्रातून बाहेर जातो. व्यंकट. भोकरचा. पाचपैकी चार गोलांचे पास त्याचे होते.

सामना संपल्यावर तळपदे सर वही घेऊन दोघांसमोर उभे राहिले होते. वय विचारलं. दोघांनी बारा सांगितलं. सर सोबतच्या माणसाला म्हणाले, "दोघंही बाराच. मग मोठा घेऊ. उंची शिकवता येत नाही." तेव्हा श्रीशैलला त्या वाक्याचा केवढा अभिमान वाटला होता.

संघाचा जुना व्हॉट्सअॅप ग्रुप अजून होता. चार वर्षांत त्यावर दिवाळीच्या शुभेच्छांखेरीज काही आलं नव्हतं. श्रीशैलनं तिथून नंबर काढला आणि लिहिलं, 'भेटायचंय. नांदेडला येऊ का?' दहा मिनिटांत उत्तर आलं, 'ये की. चारला स्टेडियमवर असतो रोज. भरतीचं करून राहिलो.'

दुसऱ्या दिवशी उदगीरहून मुखेडमार्गे बस नांदेडला पोचेपर्यंत दुपार झाली. पाठीवरच्या बॅगेत दोन दाखले होते, एका फाइलमध्ये पाठीला पाठ लावून. स्टेडियमवर तीस-चाळीस पोरं पोलीस भरतीचा सराव करत होती. कुणी गोळा फेकत होतं, कुणी शंभर मीटरच्या खुणा चुन्यानं आखत होतं. त्यांतून एक उंच, काळासावळा मुलगा हात हलवत आला. श्रीशैल त्याला ओळखायच्या आधी त्यानं पाठीत धपका घातला.

"आयला शैल्या! तू बारका झालास का मीच मोठा झालो? पुण्यात जेवाय घालतात का न्हाई?"

व्यंकट आता त्याच्याहून चार बोटं उंच होता. त्यानं भरतीच्या पोरांना हाक मारली. "ए, हिकडं या! म्या सांगत होतो न्हाई का, माझ्या पासवर पाच मारले त्यो. ह्यो बघा. खरा निघाला."

"काल चार म्हणत होतास," एक जण म्हणाला.

"पाचवा पेनल्टी होता. पण पाडलं कुणाला होतं? मला. म्हणजे पाच."

पोरं हसली. एकानं श्रीशैलसोबत फोटो काढला, दुसऱ्यानं पुण्यात ट्रायल कधी असतात ते विचारलं. ती पांगल्यावर व्यंकटनं मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीतून चेंडू काढला. हवा थोडी कमी होती.

"रविवारी खेळतो आम्ही. देगलूर नाक्याची पोरं असतात, लई तिखट. चल, दोन पास मारू. पळ तू, पळ."

श्रीशैल पळाला. न सांगता, न बघता, सहा वर्षांपूर्वी पळायचा तसा डावीकडून आत. व्यंकटनं मान वर न करता डाव्या पायानं चेंडू सोडला. चेंडू कापत आला, बरोबर मोकळ्या जागेत, जिथं तो असायला हवा होता तिथं. श्रीशैल तिथं नव्हता. तो तीन पावलं मागं होता. चेंडू त्याच्या समोरून बाहेर गेला आणि जाळीला लागून थांबला.

"जोरात गेला का?" व्यंकटनं विचारलं.

"न्हाई," श्रीशैल म्हणाला. "बरोबर होता."

दुसरा पासही तसाच गेला. तिसरा व्यंकटनं मुद्दाम हळू सोडला. तो श्रीशैलच्या पायात आला आणि त्यानं तो तिथंच दाबून धरला. मग दोघं कठड्यापाशी बसले. श्रीशैलनं फाइल काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि धोंड्याच्या ताटापासून भालकीच्या खिडकीपर्यंत सगळं सांगितलं. मधे थांबला नाही.

व्यंकटनं दोन्ही दाखले आळीपाळीनं पाहिले. "दोन हजार चार," तो म्हणाला. "म्हणजे तवा तू चौदाचा व्हतास."

"हाव."

"न् मी बाराच." तो कागदाकडंच बघत होता. "आमच्या गुरुजींनी बी एक जूनच लिवला होता. माझी आय अंगणवाडीत हाय. रजिस्टर घेऊन जाऊन त्यांच्या टेबलापुढं हुभी ऱ्हायली. चौदा ऑक्टोबर केल्याबिगर हालली न्हाई."

मैदानावर गोळा पडल्याचा धप आवाज झाला. कुणीतरी अंतर ओरडून सांगितलं.

"तुला कधी वाटलं का, की तुला न्यायला पायजे होतं?"

"एवढंच इचाराया आलास व्हय उदगीरहून?" व्यंकट हसला, पण ते हसू पुढं गेलं नाही. "त्या सरांनी माझा बी नंबर लिवून घेतला होता. 'कळवतो' म्हणले. घरात एकच फोन, आयचा. दोन वर्षं रिचार्ज संपू दिलं न्हाई तिनं. शाळेतून आलं की पहिलं मी फोन बघायचो. मिस कॉल असला की उलट लावायचो. गॅसवाला असायचा."



"मग सोडलं," व्यंकट म्हणाला. त्यानं दाखले फाइलमध्ये घातले, भालकीचा खाली आणि उदगीरचा वर. "हे बघ. खालचा कुणाला दाखवू नको. फाडून टाक."

"काय?"

"ऐक. ही पोरं मला इचारतात, तू खेळायचास म्हणं. मी तुझं नाव घेतो. माझ्या पासवर मारणारा पुण्याला हाय, आज ना उद्या मोठ्या क्लबात दिसंल. तू जर घरी परात इकाया बसलास, तर म्या कुणाचं नाव घेऊ रे?" त्याचा आवाज चढला. "माझं गेलं ते गेलं. तुझं बी घालवून काय मिळणार? मला न्यायला येणार हायत का आता?"

श्रीशैलच्या मनात हेच दोन दिवस चाललं होतं, जवळजवळ याच शब्दांत. कागद तयार होता. तो कुणी बनावट म्हणू शकलं नसतं. पालिकेचा होता, शिक्क्याचा होता. वीस तारखेला तो टेबलावर ठेवायचा, लीग खेळायची. कदाचित एखाद्या सामन्यात पुन्हा ते होईल, समोरचे हळू होतील. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की लीगमधले समोरचे त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असतील आणि तरीही ते हळू होणार नाहीत.

"पंचविसावं नाव माझं हाय," तो म्हणाला. "सव्विसावं पोरगं बी फोनच बघत असंल आत्ता."

व्यंकटनं त्याच्याकडं पाहिलं आणि मान फिरवली.

श्रीशैलनं भालकीचा दाखला कठड्यावर पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर बूट ठेवला आणि फोटो काढला. खाली लिहिलं, 'सर, माझी खरी जन्मतारीख ही आहे. आधी पाठवलेला दाखला धरू नये.' पाठवलं.

"झालं?" व्यंकटनं विचारलं.

"झालं."

"लई शहाणा झालास." तो उठला, बुटांच्या नाड्या गच्च आवळल्या आणि स्वतःचा फोन श्रीशैलच्या हातात आदळला. "वेळ लाव. सोळाशे. पाच-दहाच्या आत यायचंय." आणि तो निघाला, पहिल्याच पावलापासून रागानं, सोळाशे मीटर पळणाऱ्यानं कधीही पळू नये तसा.

त्याची दुसरी फेरी चालू असताना श्रीशैलचा फोन वाजला. तळपदे सर होते.

"हे काय पाठवलंयस?"

"दाखला, सर."

"वडिलांनी पाठवलेल्यात सहा साल आहे. यात चार. खरं कुठलं?"

"चार, सर."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

मैदानाच्या पलीकडच्या वळणावर व्यंकट एका मुलाला मागं टाकत होता. श्रीशैलनं उत्तर शोधलं नाही. ते भालकीच्या फलाटावरच तयार झालं होतं. "आठवत होतं, सर. मोजलं नव्हतं."

मग सरांचा आवाज आला, थकलेला पण चढलेला नाही. "यादीतून काढावं लागेल."

"हो, सर."

"आणि अकादमीला मला कळवावं लागेल. सामान न्यायला कधी येतोस?"

"रविवारी येतो," तो म्हणाला. "सर, त्या दिवशी नांदेडला आणखी एक पोरगा होता. डाव्या पायाचा. तुम्ही आम्हा दोघांना वय विचारलं होतं."

"तो लहानखुरा? मोजे खाली आलेला?"

सरांना तो आठवत होता. "तो खरंच बारा वर्षांचा होता, सर. आता अठराचा आहे. खरा अठरा."

"नंबर होता माझ्याकडे," सर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "खेळतो का तो अजून?"

"रविवारी खेळतो. पोलीस भरतीचं करतोय. पास अजून तसाच आहे, सर. आज बघितला."

"अठराव्या वर्षी नुसत्या पासावर कोण घेतं रे," सर म्हणाले. मग जरा वेळानं, "रविवारी येशील तेव्हा बोलू." आणि फोन बंद झाला.

व्यंकट समोर येऊन कमरेत वाकून उभा होता. त्याला धाप आवरत नव्हती. "किती?"

श्रीशैलनं हातातल्या दुसऱ्या फोनकडं पाहिलं. घड्याळ चालूच होतं. सात मिनिटं होत आली होती.

"थांबवायचं राहिलं," तो म्हणाला.

"आयला तुझ्या! फुकट गेलं की पळणं!" व्यंकट जमिनीवर बसला, मग आडवाच झाला. छाती वरखाली होत होती. "कुणाचा होता फोन?"

"सरांचा. यादीतून काढलं."

व्यंकट आभाळाकडं बघत राहिला. "न् काय म्हणले?"

"तू आठवतोस त्यांना. मोजे खाली आलेला."

पडल्या पडल्या व्यंकटनं दोन्ही हात डोळ्यांवर आडवे घेतले आणि खूप वेळ तसाच राहिला. गोळाफेकवाली पोरं घरी निघाली. कुणीतरी चुन्याचा डबा उचलून नेला. मग तो उठून बसला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "नुसतं आठवतो म्हणले?"

"रविवारी बोलू म्हणले. जास्त काही न्हाई. मी वाढवून सांगणार न्हाई तुला."

"नको सांगू." व्यंकट उभा राहिला. "चल, पुन्हा पळायचंय मला. वेळ तू नको लावू, तुझा भरवसा न्हाई." त्यानं जाणाऱ्या एका पोराला थांबवून फोन त्याच्याकडं दिला.

श्रीशैलनं फाइल बॅगेत घातली आणि बॅग कठड्याला अडकवली. "मी बी येतो."

"सोळाशे हाय. झेपंल का, काका?"

"बघू."

पहिली फेरी ते बरोबरीनं पळाले, कोपराला कोपर लागेल इतके जवळ. दुसऱ्या फेरीत वळणावर व्यंकट पुढं सरकला, आधी एक पाऊल, मग तीन. श्रीशैलनं वेग वाढवून पाहिला. पायात जेवढं होतं तेवढंच होतं, वीस वर्षांच्या पोराचं. पुढं व्यंकटची पाठ घामानं ओली होत चालली होती, आणि तिच्यावरची नजर न काढता तो मागून पळत राहिला.